बोटांना वळण : गिटारगुरू फ्रान्सिस्को तारेगा



येत्या २२ नोव्हेंबरला संत सिसिलियाचा सण. गायक-वादकांची ही आश्रयदाती संत. त्या दिवशी आपण आपल्या गायकवृंदाची आठवण काढतो, ऑर्गन वाजवणाऱ्यांचे आणि गिटार वाजवणाऱ्या मुलामुलींचे आभार मानतो. या निमित्ताने एका गिटारवादकाचे चरित्र आपल्यापुढे ठेवावे असे आम्हांला वाटले. या सणाच्या आदल्या दिवशीच, म्हणजे २१ नोव्हेंबर १८५२ रोजी, त्यांचा जन्म झाला. नाव फ्रान्सिस्को तारेगा, देश स्पेन.

नाव कदाचित ओळखीचे वाटणार नाही. त्यांचे काही सूर मात्र आपल्यातल्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेले आहेत. नोकिया कंपनीच्या मोबाईलची ती जुनी घंटी आठवून पाहा. लोकलमध्ये, बाजारात, आणि प्रवचन चालू असताना चर्चमध्येसुद्धा ती वाजलेली आहे. १९९० च्या दशकात त्या कंपनीने ही धून घेतली ती तारेगा यांच्या ‘ग्रान व्हाल्स’ या १९०२ सालच्या गिटारच्या रचनेतून. तेवढा एक लहानसा तुकडा जगभर गेला. ज्या हातांनी तो लिहिला, ते हात कसे घडले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

आज ते विचारण्याचे कारण आहे. आपल्या धर्मग्रामात गिटार नाही असे घर शोधावे लागेल. नाताळला, वाढदिवसाला, दहावी पास झाल्यावर मुलांना गिटार मिळते. पहिल्या महिन्यात ते खांद्यावरून उतरत नाही. तिसऱ्या महिन्यात क्लास बंद होतो आणि पुढच्या नाताळपर्यंत ते कपाटावर जाते. आईवडील आम्हांला विचारतात, क्लासला पैसे घालण्यात अर्थ आहे का? मुले म्हणतात, मोबाईलवर सगळे शिकता येते, मास्तर कशाला? या दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तर देण्याऐवजी तारेगा यांचे आयुष्य सांगणे आम्हांला अधिक उपयोगाचे वाटते.

मठाच्या दारावरचे घर

तारेगा यांचे गाव व्हिलारेआल. स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळ, व्हॅलेन्सियाच्या उत्तरेला. संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख. गावाचा मान म्हणजे संत पाश्काल बायलॉन यांचा मठ. मेंढ्या राखणारे पाश्काल पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाले. मठाच्या दारावर राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची सेवा करणे हे त्यांचे एक काम होते. १५९२ साली याच गावात त्यांना मरण आले. पवित्र साक्रामेंताविषयीच्या त्यांच्या भक्तीमुळे पोप तेरावे लिओ यांनी १८९७ साली त्यांना युखरिस्तिक परिषदांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. १९६४ साली मुंबईला भरलेली युखरिस्तिक परिषद आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या परिषदेचेही आश्रयदाते हेच संत.

त्याच मठात फ्रान्सिस्कोचे वडील राखणदार होते. मिळकत थोडी होती. त्यांना गिटारचा नाद होता आणि लोकांमध्ये चालणाऱ्या चाली ते वाजवीत. वडील कामावर गेले की लहानगा फ्रान्सिस्को त्यांची गिटार काढून छेडायचा. गिटारशी त्याची पहिली ओळख ही अशी, कोणी न शिकवता झालेली.

त्याच वयात एक अपघात झाला. सांभाळणाऱ्या बाईच्या हातून सुटून पळताना मूल शेताच्या पाटात पडले. जीव वाचला, पण डोळ्यांना कायमची इजा झाली. पुढे आयुष्यभर त्याची दृष्टी अधूच राहिली. आपला मुलगा उद्या पूर्ण आंधळा झाला तर त्याने पोट कसे भरावे, ही चिंता बापाला लागली. त्या काळी स्पेनमध्ये अंध माणसाला वाद्य वाजवून चार पैसे मिळवता येत. घर कास्तेयोन या शहरात हलले आणि बापाने मुलाला संगीत शिकायला घातले.

त्याचे पहिले दोन्ही शिक्षक अंध होते. एउखेनियो रुइस पियानो शिकवीत आणि मानुएल गोन्झालेस गिटार. ही शिकवणी कशी चालली असेल याचा जरा विचार करा. शिक्षकाला विद्यार्थ्याची बोटे दिसत नाहीत, म्हणून सारी मदार कानावर आणि स्पर्शावर. चुकीची तार दाबली तर ती ऐकूच येते, तिथे लपवाछपवी चालत नाही. अधू डोळ्यांच्या मुलाला ऐकायला शिकवणारे गुरू मिळाले, ही देवाची कृपाच म्हणायची.

तीन वेळा पळालेला मुलगा

१८६२ साली हुलियान आर्कास नावाचे त्या काळचे नामवंत गिटारवादक कास्तेयोनला आले. त्यांनी दहा वर्षांच्या फ्रान्सिस्कोचे वादन ऐकले आणि याला बार्सेलोनाला माझ्याकडे शिकायला पाठवा, असे बापाला सांगितले. बाप तयार झाला, पण त्याने एक अट घातली. गिटारबरोबर पियानोची शिकवणीही चालू राहिली पाहिजे. गिटार हे तेव्हा दारूच्या दुकानातले, न्हाव्याच्या दुकानातले, गाण्याला साथ देणारे वाद्य समजले जाई. पियानो हे प्रतिष्ठित घरातले वाद्य होते. पियानो आला तर मुलगा उपाशी राहणार नाही, हा बापाचा साधा हिशोब.

पण थोड्याच दिवसांत आर्कास कार्यक्रमांसाठी परदेशी गेले आणि शिकवणी तुटली. गुरू नाही, घर लांब, आणि हातात चांगले चालणारे वाद्य. मुलगा पळाला. बार्सेलोनाच्या कॉफीच्या दुकानांत आणि खाणावळींत तो वाजवू लागला. बापाने शोधून त्याला घरी आणले. तीन वर्षांनी, १८६५ साली, तो पुन्हा पळाला. या वेळी व्हॅलेन्सियाला, जिप्सींच्या टोळीत. बापाने पुन्हा शोधून आणले. तो तिसऱ्यांदा पळाला आणि पुन्हा व्हॅलेन्सियाच गाठले.

या पळण्याकडे केवळ मुलाचा खोडकरपणा म्हणून पाहता येणार नाही. वाजवण्याची देणगी त्याला होती आणि टाळ्याही मिळत होत्या. लोक पैसे टाकत होते. ज्याला एवढ्या लवकर टाळ्या मिळतात, त्याला रोज सकाळी बसून तेच तेच स्वर घोटणे नकोसे होते. आजच्या मुलांचेही असेच आहे. चार कॉर्ड्स आल्या की मित्रांच्या पार्टीत काम भागते, लग्नाच्या हळदीला वाजवता येते. मग पाचवी कॉर्ड, स्वरलिपी, तालाचा अभ्यास हे सारे कशाला, असे वाटू लागते. कॉफीच्या दुकानातला तो दहा वर्षांचा मुलगा आपल्या प्रत्येक घरात आहे.

आम्हांला यात विशेष वाटतो तो बाप. तो मठाचा राखणदार. हातात पैसा नाही, तरी तो पुन:पुन्हा मुलाला शोधायला निघाला. त्याने मुलाची गिटार फोडली नाही, संगीत बंदही केले नाही. किशोरवयातच हा मुलगा गिटार आणि पियानो दोन्ही उत्तम वाजवू लागला. काही काळ इतर वादकांबरोबर मिळेल तिथे वाजवून चार पैसे कमावल्यावर तो अखेर घरी परतला.

एक गिटार आणि एक सल्ला

गरिबाच्या मुलाला पुढे शिकायचे तर कोणीतरी हात द्यावा लागतो. तारेगा यांना तो आन्तोनियो कानेसा या धनिक व्यापाऱ्याने दिला. १८६९ साली सेव्हिल शहरात आन्तोनियो दे तोरेस या कारागिराकडून त्यांच्यासाठी गिटार घेण्यात आली. तोरेस यांनी आधी एक साधी गिटार दाखवली आणि तरुणाचे वादन ऐकल्यावर आतून आपली खास गिटार आणून दिली, असे सांगतात. आज जगभर जी शास्त्रीय गिटार आपण पाहतो, तिचा आकार, तारेची लांबी आणि पोटातल्या पंख्यासारख्या पट्ट्या यांना ठाशीव रूप दिले ते याच तोरेस यांनी. तिचा आवाज जुन्या गिटारपेक्षा भरदार होता. त्या आवाजासाठी वाजवण्याची नवी पद्धत घडवणे हे पुढे तारेगा यांचे काम ठरले.

कानेसा यांच्याच मदतीने १८७४ साली तारेगा माद्रिदच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. गिटारला अशा विद्यालयांत मानाची जागा नव्हती. तारेगा तिथे पियानो, स्वरलेखन, हार्मनी अशा विषयांसाठी गेले. एमिलियो आरिएता हे तिथले नामवंत संगीतकार आणि रचनाशास्त्राचे शिक्षक. त्यांनी तारेगा यांची गिटार ऐकली आणि पियानोऐवजी गिटारलाच वाहून घ्यायचा सल्ला दिला. ज्या वाद्याला विद्यालयात स्थान नाही, त्याच्यासाठी आयुष्य द्या, असे विद्यालयातल्याच शिक्षकाने सांगावे, ही मोठी गोष्ट होती.

बापाचा पियानोचा हट्टही वाया गेला नाही. पियानोची स्वरलिपी येत होती म्हणूनच तारेगा यांना बाख, बीथोव्हन, शोपँ, शूमान, मेंडेल्सन या थोर संगीतकारांच्या रचना गिटारच्या सहा तारांवर उतरवता आल्या. त्यांनी अशी पुष्कळ रूपांतरे केली. त्यामुळे खाणावळीतल्या वाद्याला मोठ्या संगीताचे दार उघडले. मुलाला त्या क्षणी निरुपयोगी वाटणारा धडा पुढे कुठे उपयोगी पडेल, हे आईबापालाही ठाऊक नसते.

शिकवणी : एका वेळी एक विद्यार्थी

१८७० च्या दशकाच्या अखेरीस तारेगा शिकवू लागले. तेव्हापासून अखेरपर्यंत शिकवणी हाच त्यांच्या आयुष्याचा कणा राहिला. कार्यक्रमही झाले. १८८१ साली ते लियॉनला आणि पॅरिसला वाजवून आले. पॅरिसचा प्रसंग होता स्पॅनिश नाटककार काल्देरोन यांच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाल्याचा. लंडनलाही गेले, पण तिथली हवा आणि भाषा त्यांना मानवली नाही, असे सांगतात. १८८२ च्या नाताळच्या दिवसांत नोव्हेल्दा गावच्या मारिया होसे रिसो यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांची एक मुलगी तान्हेपणीच देवाघरी गेली. १८८५ साली हे कुटुंब बार्सेलोनात स्थिरावले.

मोठ्या सभागृहात वाजवणे त्यांना फारसे रुचत नसे. घरच्या बैठकीत, पाच-दहा मित्रांसमोर त्यांचे वादन अधिक खुलत असे. संगीतकार आल्बेनिस आणि ग्रानादोस त्यांच्या मित्रमंडळींत होते. गिटारचा आवाज मुळात हळुवार आणि जवळ बसून ऐकण्याचा. शिकवणेही तसेच, जवळ बसून करण्याचे काम. सुरुवातीला ज्याला एका जागी बसवत नव्हते, तोच माणूस आता रोज एका जागी बसून एकेका विद्यार्थ्याच्या बोटांकडे लक्ष देत होता.

ते काय शिकवीत, हे त्यांच्या शिष्यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकांतून कळते. आधी बैठक. खुर्चीच्या कडेवर बसायचे, डावा पाय छोट्या चौरंगावर, गिटार डाव्या मांडीवर, म्हणजे वाद्य सांभाळण्यात हात अडकत नाहीत. मग उजवा हात. तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने तारेवर चालले पाहिजे, जशी पावले चालतात तशी. एकच बोट दोनदा टाकले तर धावताना अडखळायला होते. तार छेडल्यावर बोट शेजारच्या तारेवर टेकवले की सूर गोल आणि भरीव येतो. मग डावा हात : बोट पडदीच्या अगदी मागे, अंगठा मानेच्या पाठीशी, विनाकारण जोर नाही. यानंतर स्वरपट्ट्या, तुटक झंकार, एका सुरातून दुसऱ्यात सरकणे. तारेगा यांचा स्वतःचा सकाळचा वेळही याच गोष्टींत जाई, एवढा नावलौकिक झाल्यावरसुद्धा.

विद्यार्थ्यांसाठी त्यांनी छोट्या छोट्या रचना लिहिल्या. ‘लाग्रिमा’, म्हणजे अश्रू, ही त्यांतली एक. ‘आदेलिता’ ही दुसरी. दोन्ही जेमतेम एका पानाच्या. पण त्या पानात एक नेमकी अडचण असते : वरचा सूर लांबवत ठेवून खालची बोटे हलवणे, किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना सूर तुटू न देणे. विद्यार्थी गाणे वाजवतो आणि नकळत एक कौशल्य त्याच्या हातात बसते. मुंबईत आणि आसपास जी मुले लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गिटार परीक्षांना बसतात, त्यांना आजही तारेगा यांच्या रचना भेटतात.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना म्हणजे ‘रेकुएर्दोस दे ला आलांब्रा’, आलांब्राच्या आठवणी. ग्रानाडा शहरातल्या जुन्या मूर राजवाड्यावरून तिला हे नाव मिळाले. गिटारची एक मर्यादा आहे. तार छेडली की सूर लगेच विरू लागतो. ऑर्गनसारखा तो धरून ठेवता येत नाही. तारेगा यांनी या रचनेत अंगठ्याला खालच्या सुरांवर चालत ठेवले आणि अनामिका, मधले बोट व तर्जनी ही तीन बोटे एकामागून एक त्याच तारेवर पाडली. ही बोटे सारख्या अंतराने आणि सारख्या जोराने पडली तर ऐकणाऱ्याला एकच लांब, थरथरता सूर ऐकू येतो, कारंज्याच्या पाण्यासारखा. एक बोट जरा जड पडले तरी सगळे बिघडते. म्हणून ही रचना शिकवताना चांगला शिक्षक वेग वाढवू देत नाही. आठवड्यामागून आठवडे अगदी सावकाश वाजवून घेतो. वेग मागाहून आपोआप येतो.

वळण म्हणजे काय

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला अ‍ॅरिस्टॉटलचे नीतिशास्त्र अभ्यासावे लागले. सद्गुण कसा अंगी येतो हे सांगताना त्याने वाद्य वाजवणाऱ्यांचे उदाहरण घेतले आहे. वाजवूनच माणूस चांगला वादक होतो आणि वाजवूनच वाईट वादकही होतो, हे त्याचे निरीक्षण. तसे नसते तर शिक्षकाची गरजच पडली नसती, असे तो म्हणतो. पुढे संत थॉमस अक्विनास यांनी याच धाग्यावर आपला सद्गुणांचा विचार उभारला. सद्गुण म्हणजे अंगी मुरलेली चांगली सवय.

आपल्या मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे : वळण. अक्षराला वळण असते, मुलांना वळण लागते. नुसता सराव केला तर सवय लागते, पण ती चांगलीच लागेल याची खात्री नसते. मनगट वाकडे धरून रोज दोन तास वाजवले तर वाकडे मनगट पक्के होते. मोबाईलवरचा मास्तर कितीही उत्तम असला तरी तो आपल्याला दिसतो, आपण त्याला दिसत नाही. आपले मनगट त्याला सरळ करता येत नाही. शेजारी बसलेला शिक्षक ते पहिल्याच आठवड्यात पाहतो, थांबवतो आणि पुन्हा करायला लावतो. आठवड्याच्या अर्ध्या तासात हेच विकत मिळते. बाकीचे घरी, रोज वीस मिनिटे बसून, स्वतःच करायचे असते.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. गोव्यात पूर्वी प्रत्येक धर्मग्रामाच्या शाळेत मेस्त असे. तो मुलांना आधी सोल्फा म्हणायला लावी, मगच व्हायोलिन हातात देई. त्या शाळांतून तयार झालेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपट-संगीतात गाजले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. संगीतकार प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिनचे धडे दिले.

कापलेली नखे, अधू झालेला हात

१९०२ च्या सुमारास तारेगा यांनी एक अवघड निर्णय घेतला. तोवर ते उजव्या हाताच्या नखांनी तार छेडीत. आता त्यांनी नखे कापली आणि बोटांच्या मांसल टोकांनी वाजवायला सुरुवात केली. त्या वेळच्या तारा आतड्याच्या होत्या, नायलॉन फार पुढचा. बोटाच्या टोकाने येणारा सूर मऊ आणि एकजीव, पण आवाज लहान. पन्नाशीला आलेल्या नामवंत वादकाने आपल्या हाताचे जुने वळण मोडून नवे लावून घेतले. जो शिकवतो त्याचे स्वतःचे शिकणे थांबत नाही, याचा हा पुरावा.

त्याहून मोठी परीक्षा पुढे होती. जानेवारी १९०६ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. गिटारवादकाचा उजवा हात गेला म्हणजे आवाजच गेला. तारेगा यांनी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. पूर्वीसारखे बरे ते कधीच झाले नाहीत, तरी ते पुन्हा लोकांसमोर वाजवू लागले. लहानपणी पळून जाण्याची वाट मोकळी होती. आता पळता येत नव्हते आणि पळायचेही नव्हते.

२ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी आपली अखेरची रचना पूर्ण केली. शूमान यांच्या पियानोवरच्या एका छोट्या रचनेवरून ती केलेली आहे. तिला त्यांनी नाव दिले ‘ओरेमुस’. हा लॅटिन शब्द आपल्या जुन्या मंडळींना चांगला ठाऊक आहे. लॅटिन मिस्सात धर्मगुरू प्रार्थनेआधी हाच शब्द उच्चारीत : आपण प्रार्थना करू या. त्यानंतर तेराव्या दिवशी, १५ डिसेंबरला, आगमनकाळात, बार्सेलोना येथे त्यांचे निधन झाले. वय ५७. १९१५ साली त्यांचे अवशेष कास्तेयोनला नेण्यात आले, जिथे दोन अंध शिक्षकांनी त्यांना पहिले धडे दिले होते.

मागे काय राहिले

तारेगा यांनी गिटार शिकवण्याचे पुस्तक लिहिले नाही. त्यांची पद्धत त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातांतच राहिली. मिगेल ल्योबेत यांनी ती पॅरिसला आणि अमेरिकेच्या दोन्ही खंडांत नेली. होसेफिना रोब्लेदो या त्यांच्या शिष्येने ती दक्षिण अमेरिकेत रुजवली. दानिएल फोर्तेआ माद्रिदमध्ये शिकवीत राहिले. एमिलियो पुजोल १९०२ साली कोवळ्या वयात त्यांच्याकडे शिकायला आले होते. गुरूंची सारी पद्धत त्यांनी पायरीपायरीने मांडली. त्या ग्रंथाचा पहिला खंड १९३४ साली निघाला, एकूण चार खंड झाले. पुजोल यांनी गुरूंचे चरित्रही लिहिले.

नखांच्या बाबतीत मात्र शिष्यांमध्ये मतभेद राहिले. पुजोल आणि फोर्तेआ यांनी गुरूंप्रमाणे नखांविना वाजवले, ल्योबेत यांनी नखे ठेवली. दोघेही तारेगा यांचेच शिष्य म्हणवले गेले. चांगली शिकवणी विद्यार्थ्याला गुरूची नक्कल बनवत नाही. ती त्याला आपल्या कानाने ऐकायला आणि ठरवायला शिकवते.

आता आपल्या घरातल्या गिटारकडे वळू या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, गिटार आपल्या उपासनेत आली. ती नीट वाजली पाहिजे, कारण तिच्यावर सगळ्या धर्मग्रामाचे गाणे उभे असते. ताल पुढे पळाला तर मागच्या बाकावरची आजी गाणे सोडून देते, आणि तिच्याकडून ते गाणे हिरावले जाते.

पालकांना आमचे सांगणे एवढेच. तिसऱ्या महिन्यात मुलगा कंटाळला तर लगेच क्लास बंद करू नका. त्या मठाच्या राखणदाराची आठवण ठेवा. एक वर्ष तरी धीर धरा, शिक्षकाला भेटा, घरी वीस मिनिटे दार लावून बसता येईल अशी जागा द्या. वर्षानंतरही त्याचे मन रमले नाही तर त्याला मोकळे करा. त्यात कोणाचा पराभव नाही. तरुणांना सांगणे असे की चार कॉर्ड्स येतात हे चांगलेच आहे, त्यांच्यावर थांबू नका. ज्याचा कान आपल्यापेक्षा तयार आहे अशा माणसापुढे दर आठवड्याला बसा आणि आपली चूक ऐकून घ्या.

ज्यांच्या घरी फीचे पैसे नाहीत, अशी मुलेही आपल्यात आहेत. तारेगा यांना कानेसा भेटले नसते तर काय झाले असते? कपाटावर गिटार पडून असेल तर ती गायकवृंदाच्या प्रमुखांकडे आणून द्या. ज्यांनी रीतसर शिक्षण घेतले आहे, त्यांनी आठवड्यातून अर्धा तास एका मुलाला द्यावा. फार नको, एकच मूल घ्या. तारेगा यांनीही एका वेळी एकाच विद्यार्थ्याला शिकवले.

संत सिसिलियाच्या सणाच्या सर्व गायक-वादकांना शुभेच्छा.